तारेला टेकलेली फांदी

मे महिना संपत आला की फोंडाघाटात दोन भांडणे ठरलेली असतात. पहिले, वीज कंपनीची माणसे कोयते-करवती घेऊन तारेखालची झाडे छाटायला येतात तेव्हा, परसातल्या फणसावरून. दुसरे, पहिला मोठा पाऊस पडून लाइट जाते तेव्हा, बहुतेक त्याच फणसाच्या फांदीवरून. पहिल्या भांडणात आपण झाडाच्या बाजूने असतो, दुसऱ्यात विजेच्या. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते, या दोन्ही भांडणांत आरोग्याची बाजू कोणी मांडत नाही.

लाइट जाणे म्हणजे पंखा बंद होणे एवढेच नव्हे. बहुतेक लसी 2 ते 8 अंश तापमानात ठेवाव्या लागतात. आरोग्य केंद्रातला लसींचा खास फ्रिज काही तास थंडावा धरतो, पण घरच्या फ्रिजमधल्या इन्सुलिनला ती सोय नसते. दम्याच्या रुग्णाचे नेब्युलायझर आणि घरी ऑक्सिजनवर असलेल्या आजोबांचे यंत्र विजेवरच चालते. नळपाणी योजनेचा पंप बंद पडला की लोक मिळेल ते पाणी पितात आणि चार दिवसांनी जुलाबाचे रुग्ण सुरू होतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कोरोनाची दुसरी लाट चालू होती. झाडे तारांवर पडून कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेव्हा ‘लाइट कधी येतली?’ हा प्रश्न कुणाच्या तरी श्वासाचा होता.

हे फक्त खेड्यातच घडते असे नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या भागातली वीज गेली आणि सुमारे 5 कोटी लोक अंधारात राहिले. ओहायो राज्यात भार वाढून तारा तापल्या, लांबल्या, खाली झोळल्या आणि वेळेवर न छाटलेल्या झाडांना टेकल्या. साखळीतल्या महत्त्वाच्या कड्यांपैकी हे एक. त्या दोन दिवसांत न्यूयॉर्क शहरात नेहमीपेक्षा सुमारे 90 मृत्यू जास्त झाल्याचे पुढे एका अभ्यासात दिसले. त्यातले बरेचसे अपघाती नव्हते. आधीच आजारी असलेली माणसे दगावली होती.

म्हणून छाटणीला आलेल्या माणसांना हाकलून देणे मला पटत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे ‘त्यांची वाट कोण बघणार’ म्हणून स्वतःच कोयती घेऊन झाडावर चढणे. ओली फांदी वीज वाहून नेते. कोरड्या कातडीचा विजेला होणारा विरोध मोठा असतो. घामाने किंवा पावसाने भिजली की तो कितीतरी पटींनी घटतो. 10 ते 20 मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहाने हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 100 मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते. जुन्या पद्धतीचा तापणाऱ्या तारेचा साधा बल्बसुद्धा याहून जास्त प्रवाह घेतो. कधी धक्का किरकोळ असतो, पण माणूस वीस फुटांवरून पडतो आणि मणका मोडतो. आंबे काढायच्या झेल्याला अ‍ॅल्युमिनियमची काठी लावणे हाही तोच धोका आहे. 11 हजार व्होल्टच्या तारेला तर स्पर्शही व्हावा लागत नाही. पुरेसे जवळ गेले की वीज हवेतून झेप घेते. तिच्या भाजण्यात वरची जखम छोटी दिसते, पण आतले स्नायू जळलेले असतात. लघवी लालसर काळी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून उच्च दाबाचा धक्का बसलेल्याला, तो चालत-बोलत असला तरी, रुग्णालयात आणावेच.

आता झाडाची बाजू. आपली जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाचे तसे नसते. ते जखमेभोवती भिंत बांधून सडका भाग आत कोंडून ठेवते. फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेर नीट कापली, तर ही भिंत चांगली बनते. शेंडा भादरला किंवा फांदी मधेच तोडली, तर तिथून झपाट्याने भरपूर धुमारे फुटतात, त्यांची पकड कच्ची असते आणि ते सरळ तारेकडे जातात. म्हणजे निर्दय छाटणी वीज कंपनीलाही परवडत नाही. त्यात ही कापाकापी मेअखेरीस होते आणि ताज्या जखमेवर चार महिने पाऊस पडतो. त्या ओलीत बुरशीला आणखी काय हवे? कोणताही सर्जन असा मुहूर्त धरणार नाही.

माझे मत असे. मुख्य छाटणी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर आणि आंब्याला मोहोर येण्याआधी करावी. मे महिन्यात फक्त राहिलेले वाढीव धुमारे काढावेत. आरोग्य केंद्र आणि पाण्याच्या पंपाकडे जाणाऱ्या तारा आधी मोकळ्या कराव्यात. छाटणीची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. मालकाने समोर उभे राहावे आणि कुठली फांदी जाणार हे आधी ठरावे. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 68 प्रमाणे झाड तारेआधीपासून उभे असेल आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते काढले, तर मालकाला भरपाई देता येते. हे माहीत असले तर बोलणी सोपी होतात. दाट झाडीत उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल घालावी. खर्च जास्त आहे, पण सगळीकडे नको, निवडक ठिकाणी तरी. आणि आपणही तारेखाली आता साग-फणस न लावता लिंबू, कढीपत्ता, जास्वंद लावावी.

यात कोणाचेच पूर्ण समाधान नाही, हे मला ठाऊक आहे. फणसाची एखादी चांगली फांदी जाईल आणि पावसात लाइटही अधूनमधून जाईलच. पण दवाखान्यात आम्ही रोज असेच करतो: बोट काढून हात वाचवतो.

छाटणी चालू असताना घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीने लाइनला वीज देणार नाही, एवढे पाहा. बंद लाइनवर वायरमन त्यानेच मरू शकतो. आणि तार तुटून पडली, कोणी चिकटले, तर आधी वीज बंद करायला लावा. तोवर दूर राहा. वीज बंद झाल्याची खात्री होताच 108 ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. अॅम्ब्युलन्स घाटातून येईपर्यंत त्याचे हृदय तुमच्या हातात असते.