आमिष मराठीत, इशारा इंग्रजीत

कानापुढची कातडी कापावयाची, गालावरून ती सोडवावयाची, खालचा पडदा ताणून टाके घालावयाचे, उरलेली कातडी छाटावयाची आणि कड पुन्हा शिवावयाची, या शस्त्रक्रियेला इंग्रजीत 'फेसलिफ्ट' म्हणतात. मराठीत तिला रुळलेले नाव नाही. विशेषणे मात्र उदंड आहेत. 'नवतारुण्य', 'कायाकल्प', 'वयावर मात' हे शब्द पुरवण्यांच्या पानांवरून आणि रस्त्यांवरच्या फलकांवरून आपल्याला परिचित झाले आहेत. या शब्दांत सर्व काही आहे. फक्त 'शस्त्र' नाही.

आमची तक्रार शस्त्रक्रियेविरुद्ध नाही आणि ती करवून घेणाऱ्या स्त्री-पुरुषांविरुद्ध तर मुळीच नाही. ती भाषेच्या एका सोयीस्कर वाटणीविरुद्ध आहे. या व्यवहारात मोहात पाडण्याचे काम मराठीकडे सोपवले जाते आणि सावध करण्याचे इंग्रजीकडे. जाहिरात मायबोलीत, संमतिपत्र परक्या लिपीत. आमिष मराठीत, इशारा इंग्रजीत. भाषेविषयी आस्था बाळगणाऱ्यांनी या वाटणीकडे आजवर लक्ष दिलेले नाही, कारण चेहऱ्याच्या सुरकुत्या हा विषय त्यांना हलका वाटतो. आम्हांला तो तसा वाटत नाही.

म्हणून प्रथम जे सांगितले जात नाही ते साध्या मराठीत सांगू.

छेद बहुधा कानशिलाजवळच्या केसांत सुरू होतो, कानाच्या पुढून खाली उतरतो, पाळीला वळसा घालून मागे जातो आणि मानेवरच्या केसांत संपतो. जुन्या पद्धतीत केवळ कातडी ताणीत, त्यामुळे चेहरा वाऱ्यात धरल्यासारखा दिसे आणि ताण लवकर ढिला पडे. १९७६ साली मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी कातडीखालच्या, स्नायूंशी जोडलेल्या एका पडद्याचे वर्णन केले. 'स्मास' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. तेव्हापासून भर कातडीवर न राहता या पडद्यावर आला. शस्त्रक्रियेला काही तास लागतात. ती पूर्ण भूल देऊन होते, किंवा गुंगी आणून व जागा बधिर करून.

नंतरचे दिवस जाहिरातीत नसतात. डोक्याभोवती पट्टी असते. साचणारे रक्त बाहेर यावे म्हणून कित्येकदा एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. पहिले काही दिवस सूज आणि काळेनिळेपणा वाढत जातो, आणि आरशात दिसणारा चेहरा ना पूर्वीचा असतो ना आश्वासन दिलेला. टाके साधारण पाच ते दहा दिवसांत निघतात. चारचौघांत जाण्याजोगे दिसावयास दोन-तीन आठवडे लागतात. गाल आणि कान यांचा बधिरपणा कित्येक महिने रेंगाळू शकतो. व्रण फिका होण्यास वर्ष लागू शकते. या काळात अनेकांना खिन्नता येते. आपण हे कशाला केले, असे वाटू लागते. बहुतेकांची ही अवस्था ओसरते. पण ती येऊ शकते हे आधी ठाऊक असणे आणि नसणे यांत मोठे अंतर आहे.

आता धोके. सर्वांत नेहमीचा धोका कातडीखाली रक्त साकळण्याचा. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत उद्भवतो, उच्च रक्तदाब असलेल्यांत आणि पुरुषांत अधिक आढळतो, आणि कधी कधी रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. धूम्रपान करणाऱ्यांच्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो. सोडवलेली कातडी, विशेषतः कानामागची, मरून काळी पडू शकते. कानाला संवेदना देणारी नस दुखावली तर पाळी बधिर राहते. चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्यांना इजा झाली तर हसू वाकडे होते किंवा भुवई उचलत नाही. बहुतेक वेळा हे काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. क्वचित सुधारत नाही. केसांची रेषा सरकते, पाळी खाली ओढल्यासारखी दिसते. सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याची प्रवृत्ती अधिक असते, ही गोष्ट गोऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांवरून कोणाला कशी कळावी?

आणि मर्यादा. या शस्त्रक्रियेने सैल जबडा आणि गळा सुधारतो. कपाळाच्या आठ्या, पापण्यांची सूज, ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि उन्हाने रापलेला पोत तिच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांसाठी निराळे उपचार, निराळा खर्च आणि निराळे धोके. शिवाय वय थांबत नाही. घड्याळाचे काटे थोडे मागे केले तरी घड्याळ चालूच राहते.

एवढे सांगावयास आम्हांला चार परिच्छेद पुरले आणि एकही शब्द कोशात शोधावा लागला नाही. 'मराठीत परिभाषा नाही' ही सबब म्हणूनच आम्हांला मान्य नाही. सूज, व्रण, टाके, बधिरपणा, रक्त साकळणे, हसू वाकडे होणे हे शब्द प्रत्येक घरात आहेत. परिभाषा नाही असे नव्हे, इच्छा नाही.

कायद्याकडे पाहू. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाची संमती कशी असावी हे स्पष्ट केले: उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि लक्षणीय धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय तिला न विचारता काढण्यात आले होते. औषधांच्या चाचण्यांबाबत २०१९ चे नियम आणखी पुढे जातात. सहभागी व्यक्तीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत माहिती द्यावी, असे ते सांगतात. म्हणजे नव्या औषधाची गोळी घेणाऱ्याला आपल्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे; आणि स्वतःचे पैसे मोजून चेहऱ्यावर सुरी चालवून घेणाऱ्याने मात्र शस्त्रक्रियेच्या सकाळी, उपाशीपोटी, पुढे सरकवलेल्या इंग्रजी कागदावर फुली केलेल्या जागी सही करावी! सर्वच ठिकाणी असे घडते असे आमचे म्हणणे नाही. पण जिथे घडते तिथे ते कोणाला खटकत नाही, हे आम्हांला अधिक खटकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. आनंदच आहे. परंतु जी भाषा आपल्या माणसाला भुलीच्या टेबलावर झोपण्यापूर्वी सावध करू शकत नाही, तिचे अभिजातपण आम्ही कोणत्या उपयोगाचे मानावे?

जाहिरातीचीही तीच कथा. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम डॉक्टरांना जाहिरातीद्वारे रुग्ण ओढण्यास मनाई करतात. २०२३ साली नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. जुने पुन्हा लागू झाले. फलक मात्र कधीच स्थगित झाले नाहीत.

या धंद्याच्या समर्थनार्थ एक हुकमी पान नेहमी फेकले जाते: सुश्रुत. प्लास्टिक सर्जरी आपलीच, मग संकोच कसला? आम्हांलाही सुश्रुताचा अभिमान आहे, आणि पुण्याचाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ च्या ऑक्टोबरात कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाची हकीकत छापली. इंग्रज फौजेत चाकरीस असताना टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकीकत वाचलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात या विद्येचे पुनरुज्जीवन झाले. पण कावसजीचे नाक शत्रूने कापले होते. गालाची कातडी काळाने सैल केली आहे. एकाची उणीव भरून काढणे आणि दुसऱ्याची उणीव ठरवून मग ती भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद सरकारही जाणते. वैद्यकीय सेवांना वस्तू व सेवा करातून सूट आहे. परंतु जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा वा आघात यांसाठी नसलेल्या सौंदर्य-शस्त्रक्रियेला ती नाही. कर भरताना जी गोष्ट उपचार नसते, ती विकताना मात्र सुश्रुताचा वारसा होते.

इथवर वाचून ज्यांनी समाधानाने मान डोलावली असेल, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. 'वयाला शोभेल असे राहावे' असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. असा विषय निघाला की तो ययातीचे नाव घेतो. पण ययाती राजा होता. त्याला तारुण्य हवे होते ते स्वतःच्या भोगासाठी, आणि त्याने ते मुलाकडून मागून घेतले. पन्नाशीची स्त्री जेव्हा आपल्या चेहऱ्याबद्दल धास्तावते, तेव्हा बहुधा ती भोग मागत नसते. कचेरीतल्या स्वागतकक्षातून, दूरदर्शनच्या पडद्यावरून, कधी घरातल्या माणसांच्या नजरेतूनही आपण पुसले जाऊ नये, एवढेच ती मागत असते. पॅरिसच्या सुझान नोएल या शल्यचिकित्सक स्त्रीने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या या बाईंनी १९२६ साली सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तक लिहिले. वयस्क दिसू लागलेल्या स्त्रीची नोकरी जाते, ही गोष्ट त्यांनी हसण्यावारी नेली नाही. आम्हीही नेणार नाही. जो समाज स्त्रीच्या सुरकुत्यांची किंमत तिच्याकडून वसूल करतो, त्याला तिने त्या काढून घेतल्यावर नाक मुरडण्याचा अधिकार उरत नाही.

मौज अशी की विक्रेता आणि उपदेशक एकमेकांच्या उपयोगी पडतात. उपदेशक शरम निर्माण करतो. शरमेमुळे बाई गुपचूप जाते. गुपचूप गेलेली बाई चार ठिकाणी चौकशी करीत नाही, मोठ्याने प्रश्न विचारीत नाही आणि काही बिनसले तर तक्रारही करीत नाही. विक्रेत्याला याहून चांगले गिऱ्हाईक कोठून मिळणार? आपल्या बोलीत दुःखाने, आजाराने, अपमानाने चेहरा 'उतरतो'. तसा उतरलेला चेहरा कोणतीही सुरी उचलू शकत नाही. आणि ते सांगणे शल्यचिकित्सकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

एक आक्षेप अपेक्षित आहे. इतके धोके मराठीत छापले तर रुग्ण घाबरून पळून जातील, असे म्हटले जाईल. ज्याला धोके कळल्यावर पळून जावेसे वाटते, त्याने पळून जावे. संमती या शब्दाचा अर्थच तो आहे. जो सर्व ऐकून थांबेल, तो सुजेच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरला शिव्या देणार नाही. दुसरा आक्षेप असा, की अशा शस्त्रक्रिया करणारे लोक सुशिक्षित असतात, त्यांना इंग्रजी येते. येत असेल. पण हिशेब आपण ज्या भाषेत करतो आणि भीती ज्या भाषेत वाटते, ती भाषा वेगळी असते. आणि इंग्रजी इतकेच सर्वांना येत असेल तर फलक तरी मराठीत का?

म्हणून आमची मागणी लहान आहे. प्रत्येक रुग्णालयाने या शस्त्रक्रियेविषयी मराठीत दोन पाने छापावीत आणि ती शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, किमान आठवडाभर आधी हाती द्यावीत. त्यात छेद कोठे असेल, तो कोण घेणार, त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. वा तत्सम मान्यताप्राप्त पदवी आहे की नाही, भूल कोण देणार, रात्री रक्त साकळले तर कोणाला बोलवावयाचे, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि काय बदलणार नाही, एवढे असावे. तोवर जाणाऱ्याने हेच प्रश्न आपल्या भाषेत, मोठ्याने विचारावेत. उत्तर इंग्रजीत आले तर ते मराठीत पुन्हा मागावे. आणि मराठीत येत नसेल तर सही करू नये.

चेहरा ज्याचा त्याचा आहे. तो राखावा, बदलावा की सुरकुतू द्यावा, हा निर्णयही ज्याचा त्याचा आहे. मात्र निर्णय म्हणावयाचा तर आधी सर्व ठाऊक असावे लागते. जे ठाऊक नसताना घडते, त्याला आमच्या भाषेत फसगत म्हणतात. आणि त्यासाठी मराठीत शब्द शोधावा लागत नाही.