गणित-अध्यापनाच्या पद्धती : तुलनेची कसोटी

इयत्ता तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे, हे उद्दिष्ट केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानापुढे ठेवले आहे. त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष निश्चित करण्यात आले. प्रत्यक्ष परिस्थिती काय आहे, याची कल्पना ग्रामीण भागात घेतल्या जाणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणावरून येते. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार तिसरीतील ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी आली, तर पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना साधा भागाकार करता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २५.९ आणि २५.६ टक्के होते. सुधारणा निश्चितच झाली आहे. तरीही पाचवीतील दहापैकी जवळजवळ सात मुले भागाकाराशी अडखळतात, ही बाब चिंताजनक आहे.

ही दरी कोणत्या अध्यापनपद्धतीने भरून निघेल, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. कृतियुक्त शिक्षण, संगणक, जादा तास, लहान वर्ग अशा प्रत्येक उपायाला समर्थक आहेत आणि प्रत्येकाजवळ यशाची उदाहरणेही आहेत. परंतु उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्या शाळेने नवी पद्धत स्वीकारली आणि वर्षअखेरीस गुण वाढले, एवढ्यावरून ती वाढ पद्धतीमुळेच झाली असे म्हणता येत नाही. वर्षभरात मुले वयाने मोठी होतात आणि नेहमीच्या अध्यापनातूनही काही शिकतात. नवा प्रयोग करण्यास पुढे येणारी शाळा बहुधा मुळातच उत्साही असते. शिवाय सर्वांत कमी गुण मिळवणारी मुले निवडल्यास पुढच्या चाचणीत त्यांतील काहींचे गुण आपोआप वाढतात, कारण पहिल्या दिवशी एखादे मूल आजारी असते, तर एखादे घाबरलेले असते.

या अडचणीवर संख्याशास्त्राने सुचवलेला उपाय साधा आहे. कोणत्या शाळेत नवी पद्धत राबवायची हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि उरलेल्या शाळांशी तिची तुलना करावी. चिठ्ठीला शाळेचा उत्साह, पालकांचे उत्पन्न किंवा शिक्षकांचा अनुभव ठाऊक नसतो. त्यामुळे शाळांची संख्या पुरेशी असल्यास दोन्ही गट सर्वसाधारणपणे सारखेच निघतात आणि पुढे दिसणाऱ्या फरकाचे श्रेय पद्धतीला देता येते.

या तत्त्वावर झालेला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशातील आहे. मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ हा कार्यक्रम राबवला होता. वस्तीतीलच एक तरुणी, तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा ते वीस मुले आणि रोजचे सुमारे दोन तास, असे त्याचे स्वरूप होते. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी त्याचे मूल्यमापन केले. निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी देण्यात आली, तर निम्म्या शाळांत चौथीला. परिणामी प्रत्येक शाळेला काही ना काही लाभ झाला आणि तुलनाही शक्य झाली. या प्रकारच्या संशोधनासाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बालसखी लाभलेल्या वर्गांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने अधिक असल्याचे आढळले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत याचे माप. चाचण्या वेगवेगळ्या असल्या तरी या एका मापाने त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवता येतात. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल ०.२८ च्या वाढीने साधारण एकसष्टाव्या स्थानावर पोहोचते, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. ही वाढ मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांमुळे झाली होती.

याच अभ्यासात वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. एका संगणकावर दोन मुले बसत. दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत ०.४७ इतकी वाढ झाली. केवळ हा आकडा पाहिल्यास संगणक वरचढ ठरतो. मात्र बालसखीचा खर्च प्रत्येक मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर होता, तर संगणकाचा सुमारे पंधरा डॉलर. त्यामुळे खर्चाच्या तुलनेत बालसखी कितीतरी अधिक फलदायी ठरली. मर्यादित निधीतून लाखो मुलांपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या शासनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरू शकतो.

आणखी दोन निष्कर्ष लक्षात घेण्याजोगे आहेत. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्गातील संख्या कमी झाली, तरीही तेथे राहिलेल्या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही. म्हणजे शिकवण्याची रीत तीच राहिल्यास केवळ पटसंख्या घटवून फारसे साधत नाही. दुसरे असे की, कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने लाभार्थी मुलांची आघाडी सुमारे ०.१ पर्यंत खाली आली. वर्षअखेरीचा आकडा म्हणजे अंतिम यश नव्हे, याची जाणीव या घसरणीने करून दिली.

पुढील काळात ‘मुलाच्या पातळीनुसार अध्यापन’ या नावाने ही पद्धत विस्तारली. उत्तर प्रदेशात मुलांना इयत्तेनुसार न बसवता त्यांच्या आकलनानुसार गटांत बसवून, दहा-दहा दिवसांची शिबिरे शाळेतच घेण्यात आली. तेथे भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत ०.६ ते ०.७ इतकी मोठी वाढ नोंदवली गेली. हरियाणात शाळेतील शिक्षकांनीच रोज एक तास अशा अध्यापनासाठी राखून ठेवला, तेव्हा हिंदीच्या गुणांत ०.१५ वाढ झाली. ही वाढ भाषेतील असल्याने ती गणितालाही तशीच लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. तसेच पद्धतीचे तत्त्व एकच असले तरी ती कोण राबवते, किती वेळ देते आणि देखरेख कोण करते यानुसार परिणाम बदलतो, असे ही उदाहरणे सुचवतात.

दिल्लीत माध्यमिक स्तरावरील मुलांसाठी झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी सोडतीद्वारे निवडलेल्या मुलांना प्रत्येकाच्या पातळीनुसार धडे देणाऱ्या संगणक-प्रणालीचा लाभ दिला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ झाली. मात्र त्या केंद्रांत संगणकाच्या जोडीला लहान गटांतील अध्यापनही होते. म्हणून हे यश एकट्या यंत्राचे आहे, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही.

अशा आकड्यांचा अर्थ लावताना काही पथ्ये पाळावी लागतात. एका शिक्षकाकडे शिकणारी चाळीस मुले म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. शिक्षक चांगला असल्यास सर्वांचेच गुण एकत्र वाढतात, म्हणून विद्यार्थ्यांच्या संख्येइतकीच शाळांची संख्याही महत्त्वाची असते. अंतिम चाचणीला गैरहजर राहिलेली मुले कोणत्या गटातील होती, हेही तपासावे लागते, कारण दुर्बल मुले गळाली तर सरासरी विनासायास उंचावते. सरासरी तर कधी कधी दिशाभूलही करते. केनियातील एका अभ्यासात पाठ्यपुस्तके पुरवल्याने सरासरी गुण वाढले नाहीत, लाभ झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना.

चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्नही उरतोच. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करत असल्याचे दिसले. शाळेतील पद्धतीने कागदावर मांडलेली गणिते मात्र त्यांना अवघड गेली. उलट शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब जमले नाहीत. ज्या मुलाला आपण गणितात कच्चे ठरवतो, त्याची बुद्धी कदाचित आपल्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचलेलीच नसते.

अध्यापनपद्धतीची निवड आजवर बहुधा आवड, परंपरा किंवा उपलब्ध सामग्री यांवर होत आली. चुकलेल्या निवडीची किंमत मात्र मुले मोजतात, आणि तिसरीचे वर्ष त्यांच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. आजवरच्या तुलनांतून एक सूत्र वारंवार पुढे आले आहे. मूल जिथे आहे तिथून शिकवण्यास आरंभ केला, तर साध्या साधनांनीही प्रगती होते. हे सूत्र प्रत्येक राज्यात कसे राबवायचे, याचा निर्णय मोजमापाच्या आधारे व्हावा आणि त्याचे फळ टिकते की नाही हेही पुढील वर्षी तपासले जावे, एवढी अपेक्षा वाजवी म्हणता येईल.