हातमोजा आहे, ससाणा नाही

मागच्या शनिवारी जव्हारला गेलो होतो. शुक्रवारी रात्री रिलीज पार पडलं, पहाटे गाडी काढली आणि आठच्या सुमारास शिरपामाळावर पोचलो. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि त्यांनी महाराजांना शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. मी मात्र इतिहास बघायला गेलो नव्हतो. मोकळा माळ, कडेला झाडं आणि सकाळचं ऊन... शिकारी पक्षी बघायला याहून चांगली जागा कुठली?

शिक्रा दिसलाही. ऐनाच्या वाळक्या फांदीवर बसला होता. मी दुर्बीण लावून बघतोय तेवढ्यात बाजूला दहा-बारा वर्षांचा एक पोरगा येऊन उभा राहिला. गळ्यात बेचकी.

"काय बघता दादा?"

"शिक्रा."

"तो होय! आमची कोंबडीची पिल्लं उचलतो. आई टोपलीखाली झाकून ठेवते." मग हात लांब करून त्याने घरटं कुठे आहे तेही सांगितलं. मला दुर्बिणीतून जे सापडलं नसतं ते त्याला पाठ होतं.

आणि मी मूर्खासारखा गमतीत बोलून गेलो, "याचं पिल्लू मिळेल का रे?"

तो हसला नाही. "मिळेल. किती देणार?"

मंडळी, खरं सांगतो, मी लगेच "नाही" म्हणालो नाही. दोन-तीन सेकंद गेली. त्या दोन-तीन सेकंदांबद्दलच हे पोस्ट आहे.

हा किडा डोक्यात शिरला तो ऑनसाइटला. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी गावात काही महिने होतो. तिथे शिकारी पक्ष्यांचं एक मोठं केंद्र आहे. एका रविवारी सहज गेलो आणि हातावर ससाणा घेतलेला माणूस बघून खुळावलो. परत येताना जाड चामड्याचा हातमोजाच विकत घेतला. (पक्षी नाही, परवाना नाही, पण हातमोजा आहे! टिपिकल मी.) मग नियम वाचायला घेतले. तिथे ससाणा पाळायचा तर आधी लेखी परीक्षा, त्यात किमान ८० टक्के. मग तुमची जबाबदारी घेणारा एक अनुभवी गुरू शोधायचा. पक्ष्याची खोली आणि सगळं सामान तपासून घ्यायचं. एवढं झालं की शिकाऊ परवाना, आणि तोही एकाच पक्ष्यासाठी. किमान दोन वर्षं उमेदवारी, पुढे पाच वर्षांचा अनुभव, तेव्हा कुठे उस्ताद. रोज पक्ष्याचं वजन ग्रॅममध्ये करायचं, कारण थोडा जड झाला तर तो तुमच्याकडे परतणार नाही आणि फार हलका झाला तर मरेल. मी अभ्यासाला लागलो होतो. प्रोजेक्ट संपलं, परत आलो, वही बंद.

कारण आपल्याकडे असा परवानाच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात पक्षी पकडणंही येतं, घरट्याला धक्का लावणंही येतं. बहिरी ससाणा तर पहिल्या अनुसूचीत. तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

परत आल्यावर वर्षभर मी या कायद्यावर वैतागलो होतो. ऑफिसातल्या चहाच्या वेळी तावातावाने बोलायचो. ही कला आपल्याकडेही होतीच की! कुमाऊँच्या राजा रुद्रदेवाने तर तिच्यावर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिलाय. युनेस्कोने २०१० साली तिला वारशाच्या यादीत घेतलं. २०२१पर्यंत त्या नोंदीत २४ देश झाले, त्यात भारत नाही. आणि माझा हुकमी एक्का म्हणजे बहिरी ससाणा. डीडीटीमुळे अमेरिकेत तो संपत आला होता, तेव्हा टॉम केड या प्राध्यापकाने १९७० साली 'द पेरेग्रीन फंड' काढला. केड स्वतः ससाणे पाळणारा. बंदिवासात पिल्लं वाढवून रानात सोडायला अशाच लोकांचं ज्ञान कामी आलं. १९९९ साली हा पक्षी तिथल्या धोक्यात असलेल्यांच्या यादीतून बाहेर आला. म्हणजे पाळणाऱ्यांनीच वाचवला ना?

मुद्दा खरा आहे. पण आपल्याकडच्या गिधाडांचं काय झालं बघा. डायक्लोफिनॅकने ती जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा बीएनएचएसने हरियाणा सरकारबरोबर पिंजोरला प्रजनन केंद्र चालवलं आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्यासाठी कुणाच्या गच्चीवर खाजगी गिधाड असावं लागलं नाही. आणि इथून जवळच, मोखाड्याच्या पलीकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला, वनखातं आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली. त्या लोकांनी हातमोजा विकत घेतला नव्हता.

शिरपामाळावरच्या त्या पोराने माझा सगळा वाद एका प्रश्नात संपवला. "किती देणार?" उद्या परवाना निघाला तर तो कुणाला मिळेल? मला. माझ्याकडे पगार आहे, गच्ची आहे, फॉर्म भरता येतो. घरटं ज्याला पाठ आहे त्याला नाही. त्याच्या वाट्याला फक्त झाडावर चढणं येईल. आणि पिल्लू बंदिवासात जन्मलंय की ऐनावरून उतरवलंय, हे कागद बघून कोण सांगणार? आज त्या पिल्लाला किंमत नाही, म्हणून ते झाडावर आहे. मी तोंड उघडलं आणि किंमत तयार झाली.

म्हणून माझं मत आता स्पष्ट आहे. आपल्याकडे हा परवाना नाही ते बरंच आहे. नसावाच. पण परवान्यामागची जी तयारी आहे ना, ती परीक्षा, ती उमेदवारी, रोज उठून ग्रॅममध्ये वजन करणं, ती मात्र आपण उचलली पाहिजे. पक्षी मालकीचा नसतानाही.

मी काय करतोय? गेल्या संक्रांतीपासून रविवारी सकाळी जखमी पक्ष्यांच्या एका उपचार केंद्रात जातो. मांजाने पंख कापलेल्या घारी येतात. मी पिंजरे धुतो, वजनं लिहितो आणि डॉक्टर टाके घालताना घार धरतो. बॉइझीचा हातमोजा अखेर कामाला लागला. बरी झालेली घार सोडताना तिने एकदाही मागे वळून बघितलेलं नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

त्या पोराला मी शेवटी "नको" म्हणालो आणि दुर्बीण दिली. त्याने बराच वेळ शिक्रा बघितला. मग म्हणाला, "डोळा लाल आहे की याचा!"

घरटं पाठ होतं, डोळा पहिल्यांदा बघितला. पुढच्या वेळी दोन दुर्बिणी नेणार आहे.

(तुम्हाला जखमी पक्षी दिसला तर घरी नेऊ नका. वनखात्याचा नंबर १९२६.)