अठराव्या वर्षाची शिदोरी

बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या बडोद्यातल्या घराघरांत एक प्रकारचे सोवळे सुरू होते. टीव्ही बंद, पाहुण्यांना मज्जाव, आणि चिरंजीवांनी पाण्याचा पेलाही आपण होऊन उचलू नये अशी मातोश्रींची तजवीज! यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. पण तिचा परिणाम काय होतो, इकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

बहुतेक मुलांची अठरा वर्षे पुरी होतात ती याच सुमारास. कायद्याने ती सज्ञान होतात. करारनाम्यावर सही करू शकतात. पूर्वी मताधिकारासाठी एकविशी गाठावी लागे. १९८९ सालापासून अठरा वर्षे पुरी झाली की पुरते. म्हणजे राज्य कोणी चालवावे हे ज्याने ठरवायचे, त्याच्या हाती आपण घरातले विजेचे बिलही देत नाही!

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा अभिमान आपण मिरवतो. परंतु त्याआधी, १८९० साली, त्यांच्याच आश्रयाने कलाभवन उभे राहिले होते, हे विसरतो. डोक्याइतकेच हातालाही शहाणपण यावे, ही ती दृष्टी. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. जुने ते सारे सोने होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या काळी कित्येक मुले कोवळ्या वयात नोकरीला लागत ती गरजेपोटी, आणि मॅट्रिकपर्यंत पोचणाऱ्या मुली तर विरळाच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने अकरावी-बारावीच्या मुलांनाही सुट्टीत एखादा व्यवसाय प्रत्यक्ष शिकण्याची संधी द्यावी, असे सुचविले आहे. सूचना उत्तम, पण सुट्टीच शिकवणीच्या वर्गांनी गिळली, तर ती अमलात यायची कशी?

म्हणून आरंभ घरातूनच व्हावा. अकरावीतल्या मुलामुलींकडे एका महिन्याचा घरखर्च सोपवावा. हिशेब चुकला तर चुकू द्यावा, तो त्यांनीच जुळवावा. नोव्हेंबरात आजोबांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यांना घेऊन नातवाने बँकेत जावे. गणेशोत्सवाचा जमाखर्च याच वयाच्या मुलामुलींनी लिहावा आणि चार वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवावा. शंका निघतील, उत्तरे द्यावी लागतील. तेवढ्याने गुण घटतील, अशी धास्ती नको. आठवड्यातले दोन तास कोणाचीही परीक्षा बुडवीत नाहीत.

पुढे हीच मुले पुण्याला, बंगळुरास किंवा परदेशी जातील. गुणपत्रिका त्यांना कॉलेजच्या दारापर्यंत नेईल. खोलीचा भाडेकरार वाचणे, आजारात एकट्याने दवाखाना गाठणे, नको त्या मित्राला नाही म्हणणे, ही शिदोरी मात्र घरूनच बांधून द्यावी लागते. ती बांधायला दोनच वर्षे हाती आहेत.