चार कुंड्यांचा हिवाळा

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून आले, की पिटुनियाच्या दोन कुंड्या घरी येतातच. उन्हाळा तापला की त्यांचा पाचोळा होतो. बुधवार पेठेतल्या अरुंद गॅलरीत जेमतेम चार कुंड्या मावतात. त्यातल्या दोन अशा पाहुण्यांना का द्याव्यात?

त्यापेक्षा शेवंती लावावी. दिवस लहान झाला की ती कळ्या धरते. बहर ओसरल्यावर छाटली, तर बुडाशी नवे फुटवे येतात आणि पुढच्या थंडीत तीच पुन्हा फुलते. दुसरी कोरांटी, तिचाही बहर थंडीतलाच. तिसरी कोरफड, तिला पाणी कमी आणि काळजी त्याहून कमी. चौथी अर्थात तुळस. थंडीत तिची पाने गळली तरी ती उपटू नये. मंजिऱ्या खुडाव्यात, पाणी सकाळी बेताने घालावे.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी भाग्यवान. मात्र वाडे पाडून इमारती उठल्या, तिथे खालच्या मजल्यावर ऊन तासभरच टिकते. अशा ठिकाणी शेवंतीचा हट्ट सोडावा. आधी ऊन पाहावे, मग रोप.

वाड्याचे परस गेले ते परत येणार नाही. परसातली कोरांटी मात्र दहा इंची कुंडीतही जगते. तेवढी तरी आपण राखायला हवी.