स्पॅममध्ये हरवलेला ट्रेक

शनिवारी रात्री नऊ वाजता ट्रेकिंग ग्रुपला मेल टाकला, ‘उद्याचा मीटिंग पॉइंट बदललाय. स्वारगेट नाही, शिवाजीनगर.’ पहाटे साडेपाचला सगळे हजर, एक सोडून. ग्रुपमध्ये नवीनच आलेली ती, भर पावसात, स्वारगेटला एकटी उभी. फोन लागला तेव्हा म्हणाली, ‘मला मेल आलाच नाही.’ आला होता. स्पॅममध्ये पडला होता.

डोमेन आमचं स्वतःचं, हौसेनं घेतलेलं. पण ‘हा मेल खरंच आमचाच’ हे सिद्ध करणारी कागदपत्रंच आम्ही केली नव्हती. गंमत बघा, ईमेल पोचवण्याचा मूळ नियम, एसएमटीपी, १९८२ सालचा. त्यात पाठवणाऱ्याचं नाव कुणी काहीही लिहावं, विचारणारं कोणी नाही. उद्या कुणी आमच्या नावानं ‘ट्रेकची फी या खात्यात भरा’ असा मेल टाकला, तर? म्हणूनच फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केलेत. जीमेलला मेल पाठवायचा तर एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कसकट तिन्ही.

नावं ऐकून घाबरू नका बॉस, सोसायटीचं गेट डोळ्यासमोर आणा.

एसपीएफ म्हणजे वॉचमनकडची यादी. आपल्या नावानं कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते सांगणारी डोमेनच्या डीएनएसमधली एक ओळ. एकच हं! दोन टाकल्या तर तपासणीच फसते.

डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. सर्व्हर आपल्या खाजगी किल्लीनं मेलवर सही करतो आणि ती पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. वाटेत मजकूर बदलला की मोहोर तुटली.

डीमार्क म्हणजे वॉचमनला दिलेली सूचना. पाठवणाऱ्याचं डोमेन यादीशीही जुळलं नाही आणि मोहोरेशीही, तर काय करायचं? ‘नन’ म्हणजे सोड, पण मला कळव. ‘क्वारंटाईन’ म्हणजे स्पॅममध्ये टाक. ‘रिजेक्ट’ म्हणजे गेटवरूनच परत.

ग्रुप मेलची खरी गोची पुढेच आहे. एका मेंबरचा मेल आधी ग्रुपच्या पत्त्यावर जातो आणि तिथल्या सर्व्हरवरून सगळ्यांना. हा सर्व्हर त्या मेंबरच्या यादीत नसतोच. वर विषयाआधी ग्रुपचं नाव किंवा खाली एखादी ओळ चिकटली, की मोहोरही गेली. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या पत्त्यांवर ‘रिजेक्ट’ लावलं, तेव्हा जगभरच्या ग्रुप्समध्ये याहूवाल्यांचे मेल असेच आपटले होते. उपाय? पाठवणारा म्हणून ग्रुपचा पत्ता दाखवायचा, सोबत मेंबरचं नाव, उत्तर मात्र त्याच्याच पत्त्यावर जाईल असं सेटिंग. आणि मोहोर ग्रुपच्या डोमेनची.

आमचं हे सगळं एका रविवारात झालं. टेस्ट मेल जीमेलवर पाठवला, ‘शो ओरिजिनल’ उघडलं. तिन्ही ठिकाणी ‘पास’! तरी लगेच ‘रिजेक्ट’ लावलं नाही. काही आठवडे ‘नन’ ठेवून रिपोर्ट वाचले आणि शोध लागला, आमचा रजिस्ट्रेशन फॉर्मही आमच्याच नावानं मेल पाठवत होता आणि तो यादीतच नव्हता! घाई केली असती तर स्वतःचेच मेल अडवले असते. आता ‘क्वारंटाईन’वर आहोत.

तिन्ही ‘पास’ म्हणजे इनबॉक्सची गॅरंटी नव्हे. लोकांनी स्पॅम म्हणून बटण दाबलं तर मोहोर काय करणार?

ती अजूनही ट्रेकला येते. पण मीटिंग पॉइंट बदलला, की मेल टाकून झाल्यावर मी तिला फोनही करते.