आमच्याच ताटातलं काढून आमच्याच ताटात



मी कट्टे उचलणारा माणूस. अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलमध्ये काम करतो, राहतो मोर्णेच्या काठाला, जुन्या शहरात. दहावीत शाळा सुटली. पुढचं जे शिकलो ते वाचनालयात आणि रात्रपाळीत. अर्थशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण काटा मला कळतो. तूर किती आत गेली, डाळ किती निघाली, चुनी किती झाली, ह्याचा मेळ लागला नाही तर मधे कोणीतरी हात मारला, एवढं मिलमधल्या कोणत्याही पोट्ट्याला समजते. राज्याचा अर्थसंकल्प ह्याहून निराळा नाही. तो अवघड आहे असं आपल्याला सांगण्यात आलं आणि आपण ते ऐकून घेतलं. ही आपली पहिली चूक.

१० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला. तो त्यांचा अकरावा. एकूण खर्च ७ लाख २० कोटी. त्यात कार्यक्रम खर्च, म्हणजे योजनांवरचा, २ लाख ५४ हजार ५६० कोटी. अनुसूचित जातींसाठी २२ हजार ६५८ कोटी आणि आदिवासींसाठी २१ हजार ४९५ कोटी. दलितांचा निधी एका सालात ४० टक्क्यांहून जास्त वाढवला, असा गाजावाजा झाला.

आता कागद-पेन्सिल घ्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरामागे ११.८ माणसं अनुसूचित जातीची. आमच्या अकोला जिल्ह्यात तर दर पाचात एक. २ लाख ५४ हजार ५६० कोटींचे ११.८ टक्के होतात ३० हजार कोटी. दिले २२ हजार ६५८. म्हणजे कौतुक चालू असतानाच ७ हजार कोटींचं माप कमी. काट्यावर अंगठा ठेवून तोलणारा व्यापारी आपल्याला दिसतो. हा अंगठा काऊन दिसत नाही?

हे लोकसंख्येचं प्रमाण कोणाची मेहरबानी नाही. १९७०च्या दशकात आदिवासी उपयोजना आली. १९७९-८० साली दलितांसाठी विशेष घटक योजना आली. त्यामागचा विचार साधा होता. सर्वसाधारण योजनांचं पाणी वस्तीपर्यंत येत नाही, वरच्या आळीतच जिरते. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढा आणि तो आमच्यावरच खर्च करा. नियोजन आयोगाने २००५-०६ च्या सुमारास स्पष्ट लिहून दिलं की हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि साल संपलं म्हणून बुडवायचा नाही. पण ह्या सूचना होत्या, कायदा नव्हता. नंतर नियोजन आयोगच गेला. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा फरकही पुसला गेला. ज्या खुंटीला आमचा हिस्सा टांगला होता ती खुंटीच उपटली.

मग मे २०२५ उजाडला. लाडकी बहीण योजनेच्या एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले. योजना महिला व बालविकास खात्याची, पैसा आमच्या खात्याचा. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड तक्रार केली. आपल्याला विचारलं नाही, खातं नको असेल तर बंदच करून टाका, असं ते म्हणाले. मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाची ही गत! मंत्री बोलला, पेपरात छापून आलं, आणि पैसा गेला तो गेला.

माझी माय लाडकी बहीण आहे. महिन्याला १,५०० रुपये येतात. मी हे घरी बोललो तर ती म्हणाली, "काऊन रे बावा, माह्ये पैसे बंद करतं काय?" नाही माय. तुह्या १,५०० वर माझा डोळा नाही. ते तुह्या हक्काचे आहेत. उन्हात दुसऱ्याच्या वावरात जन्म गेला तुहा, ह्या राज्याने तुले त्याहून किती तरी जास्त द्यायला पाहिजे. मी एवढंच विचारतो की कोणत्या डब्यातून दिले?

कारण माझी धाकटी बहीण कॉलेजात शिकते. वसतिगृहात जागा मिळाली नाही. स्वाधारचा अर्ज भरला, मंजूर झाला, पैसे आले नाहीत. ज्या कचेरीत जावं तिथे एकच उत्तर, निधी आला की पाहू. खोलीचं भाडं मी माझ्या मजुरीतून भरतो. तिचेच पैसे मायच्या खात्यात आले असं मी म्हणत नाही, तेवढा हिशेब माझ्या हाती नाही. पण दोन्ही पैसे ज्या खात्याच्या नावावर आहेत ते खातं एकच आहे. लेकीच्या ताटातलं काढून मायच्या ताटात घालायचं आणि घराला सांगायचं, बघा आम्ही किती वाढलं!

सरकारची बाजू घेणारे म्हणतात, लाभ घेणाऱ्यांत दलित बाया आहेतच ना, मग दलितांचा पैसा दलितांवरच गेला. ह्याला उत्तर द्या, कारण सभेत हाच प्रश्न येतो. पाटलाच्या घरच्या बाईलेही अडीच लाखाच्या आत उत्पन्न असलं तर १,५०० मिळतात. तिचे कोणत्या डब्यातून? सगळ्या राज्याच्या तिजोरीतून. मग माझ्या मायचे आमच्या वेगळ्या डब्यातून कशाला? नागरिक म्हणून जे सगळ्यांना मिळते ते तिलेही सगळ्यांच्या तिजोरीतून मिळालं पाहिजे. घटक योजनेचा पैसा त्याच्या वरचा आहे, मागचा खड्डा भरायचा. मालकाने दिवाळीला बोनस द्यावा आणि तो आमच्याच पी.एफ.मधून काढावा, त्यातली ही गोष्ट.

आणि अर्थमंत्री आपल्या भागचा असला म्हणजे भागते, ह्याही भ्रमात राहू नका. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी अर्थमंत्री होते. २०१४ ते २०१९ चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार होते. माणूस कुठलाही असो, पैसा वळवायची मोरी उघडी असली की पाणी तिकडेच जाते.

बाबासाहेबांनी २४ फेब्रुवारी १९२७ ला मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केलं. आयकराला उत्पन्नाची मर्यादा आहे, ठराविक कमाईखालचा माणूस सुटतो. पण शेतसारा अर्ध्या एकरवाल्यालाही सुटत नाही, हा अन्याय त्यांनी दाखवला. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारू-ताडीच्या करातून माणशी २ रुपयांहून जास्त वसूल करते. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिलेला माणूस सभागृहात आण्यांचा हिशेब मागत होता.

आणि आपण? १४ एप्रिलला डीजे लावतो. धम्म मेळाव्याला लाखांनी जमतो, निळा गुलाल उधळतो. त्यात वाईट काही नाही, तो आपला श्वास आहे. पण मार्चमध्ये विधानभवनात आपल्या पोरींचं भाडं ठरत असते तेव्हा आपण कुठे असतो? पुतळ्याला ओरखडा गेला तर अर्ध्या तासात शहर बंद करतो. ४१० कोटी गेले तर एक दुकान बंद झालं नाही.

मागणी साफ आहे. कायदा पाहिजे. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली केला. २०२५ मध्ये आमचा पैसा वळवला गेला तेव्हा महाराष्ट्रात असा कायदा नव्हता. आणि नुसत्या कायद्यावरही झोपू नका. कर्नाटकात कायदा असून २०२३-२४ मध्ये ११ हजार कोटींच्या वर रक्कम सरकारच्या हमी योजनांना लावलीच. म्हणून कायद्यात तीन गोष्टी लिहून घ्या. एक, लोकसंख्येइतका हिस्सा. दोन, सर्वसाधारण योजनेला त्यातला छदामही नाही. तीन, न खर्चलेला पैसा पुढच्या सालात आमच्याच नावावर.

तोवर एक काम करा. दर वस्तीतल्या दोन-दोन पोरापोरींनी अर्थसंकल्पाची पुस्तकं मिळवा. सामाजिक न्यायाची पानं काढा. तरतूद किती, वाटप किती, खर्च किती, असे तीन रकाने आखा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो वापरा. ते तीन रकाने विहाराच्या भिंतीवर लावा, वंदनेला येणारी प्रत्येक बाई ते वाचेल असे लावा. वाचता येत नसेल तिला वाचून दाखवा. माझ्या मायला मी दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे माह्येच पैसे मले देले आन् फोटो त्यायचा लावला."

तिला अकरा अर्थसंकल्प कळले. आपल्याला कधी कळतील?